फोटो एका कपाटात, नाव दुसऱ्यात

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी. वडील सेलूकडे एका शेतकऱ्याकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे. त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. म्हणून लिहिलेल्या नावाला मी फार मानायचो. ज्या वस्तूवर नाव नाही ती अडाण्याच्या घरची, असं माझं सरळ गणित होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी वर्ध्याजवळच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला लागलो. संस्था कुष्ठरोगावर उपचार करायची. तिची जिल्ह्यात पाच केंद्रं होती आणि प्रत्येकाकडे फोटोंचा आपापला ढीग. पेशंटचे उपचाराआधीचे आणि नंतरचे, शिबिरांचे, भाषणांच्या व्हिडिओ कॅसेट, शिवाय नव्या डिजिटल कॅमेऱ्यातले वेगळे. अहवालासाठी एक फोटो शोधायचा तर आठवडा जायचा. सचिव म्हणाले, "सगळं एका जागी आणा. बटण दाबलं की दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, तीन महिन्यांत देतो.

जुने फोटो काकाजींच्या कपाटात होते. काकाजी म्हणजे रेकॉर्ड सांभाळणारे म्हातारे. ते स्वतः इथेच बरे झालेले. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली होती. प्रत्येक फोटोमागे नुसता आकडा. त्या आकड्याचं नाव दवाखान्यातल्या रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर सिस्टरबाईंच्या कुलपात.

"काकाजी, मागं नाव काऊन नाई लिहिलं?"

"फोटोले नाव कायले पाहिजे?"

"मग माणूस ओळखायचा कसा?"

"ओळखायचाच नाई, म्हणून तं! फोटो माह्यापाशी, नाव बाईपाशी. बाईचं अन् माहं जमत नाई तेच बरं आहे पोरा. आमचं जमलं का चार घरं मोडलेच समज."

मी हसलो. म्हाताऱ्यांची जुनी पद्धत, असं मनात म्हटलं. सचिवांच्या सहीचं पत्र नेऊन रजिस्टर मागितलं. सिस्टरबाईंनी वाद घातला नाही. फक्त वहीत माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या सहीनं नेऊन राह्यले. ध्यानात ठेवजा."

मग मी फोटो स्कॅन करत सुटलो. भुवया झडलेले चेहरे, पाठीवरचे चट्टे, कॅमेऱ्यापुढे धरलेले हात. प्रत्येकाला मी नाव दिलं. आधी गाव, मग पूर्ण नाव, मग साल. गाव टाईप केलं की त्या गावचे सगळे पेशंट ओळीनं समोर यायचे. पाचही केंद्रांची कर्मचारी मंडळी बोलावून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या वडिलांनी त्या ऐकायला हव्या होत्या असं वाटलं.

काकाजी मागच्या खुर्चीत होते. टेबलावरच्या सीड्यांकडे बघून म्हणाले, "पाच?"

"एकेका केंद्राले एक."

"वापस येतीन का?"

"वापस कायले पाहिजे?"



दिवाळीनंतर एक बाई आल्या. चाळिशीच्या पुढच्या, चांगलं लुगडं, डोक्यावर पदर. काकाजींनी त्यांना आकड्याशिवायच ओळखलं आणि मला हाक मारली.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "माहा फोटो तुमच्या कम्प्युटरमंदी आहे का जी?"

त्या पंधरा वर्षांच्या असताना माहेरून इथे उपचाराला यायच्या. बऱ्या झाल्या, लग्न झालं, नाव बदललं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. आता मुलीची सोयरीक जुळली होती आणि नवऱ्या मुलाचा मामा आमच्या सेलूच्या केंद्रावर चौकीदार होता.

"थो परवा घरी आलता. म्हणे, आता सगळ्यायचे फोटो आमच्याकडं आले, गावानिशी. मंग चहा घेता घेता माहं माहेर विचारलं."

"माहेर तं सगळेच विचारतात," मी म्हणालो.

"विचारतात ना. पण त्यानं कागदावर लिहून घेतलं."

मी त्यांच्या माहेरचं गाव टाईप केलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चौदा चेहरे आले. अकरावी त्या होत्या. पोरीच्या वयाच्या, एक भुवई नसलेली, हनुवटीवर तोच तीळ. खाली मी दिलेलं नाव. माझी लायब्ररी किती उत्तम चालते ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या कॉम्प्युटरवरून तो फोटो मी त्यांच्यासमोर काढला. पण सीडीवरून काही पुसता येत नाही. सीडीच परत आणायची. त्यांना काकाजींपाशी बसवून मी गाडीला किक मारली आणि सेलू गाठलं.

चौकीदारानं आदरानं स्टूल पुढे केलं. "या साहेब! लायब्ररी मस्त बनवली तुमी. गाव टाकलं का माणूस हाजर."

"सीडी द्या. दुरुस्ती आहे."

"देतो ना. करा दुरुस्ती."

तो कपाटाकडे गेला तेवढ्यात मी कॉम्प्युटर पाहिला. शेवटी उघडलेल्या फाइलींची यादी कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो. त्यात अकरा फाइली होत्या. सगळ्या एकाच गावच्या, सगळ्यांना मी दिलेली नावं. बाईंचं लग्नाआधीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो एकेक चेहरा बघत गेला होता. अकराव्यानंतरचे तीन त्यानं उघडलेच नव्हते.

"घ्या," सीडी हातात देत तो म्हणाला. "माहं तं पाहून झालं."

परत आलो तेव्हा बाई बाकावर तशाच बसून होत्या. काकाजींनी आणलेला चहा जसाच्या तसा होता.

"आणली का भाऊ?"

"आणली."

"त्यानं पाह्यलं?"

मला गोलगोल बोलता येत नाही. मी हो म्हटलं.

बाईंनी उठून पदर सारखा केला. "मंग मलेच सांगा लागन घरी. थो पोचायच्या आधी."

"सोबत येऊ का मी?" काकाजींनी विचारलं.

"नको जी. तुमचे बोटं पाहून न सांगताच कळन." त्या हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, "निभलं तं पत्रिका धाडीन तुमाले."

त्यांच्या गावावरून जाणारी सेलूची बस लागलेलीच होती. चौकीदाराकडे सायकल होती, आणि त्याची ड्युटी केव्हा सुटते ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फाइलींची नावं काढायला बसलो. नाव जायचं, आकडा राहायचा. नावं घालण्यापेक्षा काढायला जास्त दिवस लागले. उरलेल्या चार सीड्याही परत मागवल्या, तीनच आल्या. चौथी कुणीतरी घरी बघायला नेली होती, कुणी ते कुणालाच आठवत नव्हतं. रजिस्टर परत केलं तेव्हा सिस्टरबाईंनी माझी जुनी सही दाखवली आणि तिच्याखाली नवी घेतली.

लग्नसराई लागली तसे काकाजी टपाल स्वतः घ्यायला फाटकापर्यंत जाऊ लागले. वाकड्या बोटांनी एकेक पाकीट उलटून बघायचे. मी खिडकीतून बघत बसायचो. त्या सराईत बाईंची पत्रिका आली नाही. पुढच्या सराईलाही ते फाटकाशी उभे असायचे.