गिरजामायचा फोटो

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळही नाही. आता तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका — थकलोय, एवढंच समजा. एखादी गोष्ट लपवायची म्हणजे रोज तिच्यावर पांघरूण ओढत बसायचं. किती वर्षं ओढणार?

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होतो. वरची सगळी मंडळी 'सर', म्हणून मला लोक 'मास्तर' म्हणत. मला फोटोंचा नाद होता. नाद कसला, खूळच. त्यातही पौर्णिमेच्या चंद्राचं. साध्या कॅमेऱ्यात चंद्र म्हणजे खडूचा एक ठिपका येतो. मला तो मोठा हवा होता, त्याच्यावरच्या काळ्या डागांसकट. त्यासाठी एकदा उन्हाळ्याच्या सुटीत मी प्राचार्यांच्या हातापाया पडून कॉलेजची दुर्बीण मागून घेतली. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि बटण दाबायचं, असा बेत होता.

कॉलेजच्या कचेरीत सुखदेव नावाचा कारकून होता. माझ्याच वयाचा. त्याचं गाव अकोटच्या पुढे. तो म्हणाला, "मास्तर, शहरात काहून तडफडून राहिले? आमच्या गावाले चाला. घराच्या धाब्यावर चढलं का चांद हातात येते." वैशाखी पौर्णिमा जवळच होती. सुखदेवच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्या दिवशी त्यांच्या वस्तीत बुद्धजयंती होती. मी गेलो. घरी मात्र "अकोटला मित्राकडे जातो" एवढंच सांगितलं. कुठल्या वस्तीत, ते नाही सांगितलं. चारचौघांत मी जातपात मानत नाही म्हणून मिरवायचो — आणि घरात मांजर व्हायचो.

सुखदेवची माय एकटीच गावात राहायची. गिरजामाय. उंच, काटकुळी, बोलणं रोखठोक. माझ्यासाठी तिने त्या भर उन्हात गोवऱ्यांवर रोडगे भाजले. मी जेवलो. पोटभर जेवलो आणि जेवता जेवता मला स्वतःचंच कौतुक वाटलं, की बघा, मी इथे जेवतोय. हे सांगायला आज जास्त लाज वाटते, की पुढचं सांगायला? कळत नाही.

माझ्या रोलमध्ये बारा फोटो निघत. अकरा मी सरावाच्या नावाखाली आधीच उडवले होते. अकरावा तर त्याच दुपारी, एस.टी. स्टँडजवळच्या पाण्याच्या टाकीचा, उगाच हौस म्हणून. उरला एक. रोल तेव्हा सहज मिळत नसे, दुकानदार नागपूरहून मागवायचा. आणि पुढच्या पौर्णिमेला आभाळ भरून येणार, ते चार महिने हटणार नाही. तेव्हा हा एक फोटो चंद्राचा, हे ठरलेलं होतं.

संध्याकाळी गिरजामाय पांढरं लुगडं नेसून वंदनेला निघाली आणि माझ्यापुढे थांबली. "मास्तर, माहा येक फोटू काढान काय? आजलोक कोनी काढला नाई. पन चांद माह्या मांगं आला पायजे."

"नाही" म्हणता आलं असतं ना? "एकच उरलाय, माय" एवढं सांगितलं असतं तर ती हसून पुढे गेली असती. माझ्या जिभेला काय झालं होतं? मी म्हणालो — काढतो की.

माझ्या त्या घडी घालायच्या जुन्या कॅमेऱ्यात दर फोटोनंतर फिल्म हाताने पुढे सरकवावी लागे. सरकवली नाही तरी बटण दाबलं जाई, आवाजही होई, फक्त आधीच्याच फोटोवर दुसरा चढे आणि दोन्ही वाया जात. मी ती सरकवली नाही. मुद्दाम. चंद्र शेतावरून वर येत होता, तांबूस, परातीएवढा. गिरजामाय त्याच्याकडे पाठ करून, श्वास धरून उभी राहिली. अशी ताठ, की जणू सगळं गाव तिच्याकडे बघतंय. मी बटण दाबलं.

"झालं काय?" तिनं विचारलं.

"झालं, माय," मी म्हणालो. माय! तोवर मी तिला कशानेच हाक मारली नव्हती.

मग फिल्म सरकवली, धाब्यावर चढलो आणि चंद्राचा फोटो काढला. माझ्या साहेबांची आई समोर उभी असती, तर मी असं केलं असतं? नसतं केलं. हे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

थांबा, हे एवढंच असतं तर कदाचित मी सांगायलाही बसलो नसतो.

अमरावतीला येऊन रोल धुतला. चंद्र झकास आला होता. आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत गिरजामाय होती. टाकीखाली दाट सावली होती ना, फिल्मवरची ती जागा कोरीच राहिली होती आणि नेमका तिथे तिचा चेहरा उमटला होता. स्पष्ट. कपाळ, ओठ, डोळ्यांतलं ते थोडंसं हसू. बाकीची ती टाकीच्या खांबांत विरून गेली होती, पण चेहरा पुरता होता. तेवढाच मोठा करून देता आला असता. पण मग सुखदेवनं पुरा फोटो मागितला असता आणि विचारलं असतं, की मायच्या अंगातून हे खांब कसे गेले? मी कात्री घेतली, तेवढी चौकट कापली आणि अंघोळीच्या बंबात टाकली. सुखदेवला सांगितलं, उजेड कमी पडला, फोटो आलाच नाही.

"जाऊ द्या," तो म्हणाला, "पुढच्या खेपेले काढू."

श्रावणात गिरजामाय गेली. आठवड्याभरानं सुखदेव माझ्याकडे आला. रडला नाही. म्हणाला, "मास्तर, मायचा फोटू नाई तं नाई. त्या रातचा चांद तरी द्या. माय त्याच्याच खाली उभी होती." मी मोठा करून दिला, चौकटीत बसवून दिला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी ते धरू दिले.

चंद्र काय, दर महिन्याला येतो. मी शेवटचा फोटो त्याच्यासाठी राखला.

त्यानंतर काही वर्षांनी सुखदेवची बदली अकोल्याला झाली. एकदा वैशाखी पौर्णिमेला त्यानं जेवायला बोलावलं. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि त्यांच्या शेजारी माझा चंद्र. त्याला मोगऱ्याचा ताजा हार. खाली मेणबत्ती. सुखदेवची धाकटी, आजी गेल्यावर जन्मलेली, माझं बोट धरून मला तिथे घेऊन गेली. पाहुण्याला घर दाखवतात तसं दाखवत होती.

"थे माही आजी हाय," ती म्हणाली. "तुमी पायली होती काय?"

मी हो म्हणालो. तिनं विचारलं, कशी होती? मी त्या चंद्राकडे बोट केलं आणि म्हणालो — अशीच होती.