गाडी हालत होती

रिकामी गाडी शहरात नेणं हा गुन्हा आहे, असं मनापासून मानणारा माणूस भारतात एकच असावा, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. निवृत्तीनंतर मी सासुरवाडीला, अल्लीपूरला, घर बांधलं तेव्हापासून त्यांचा शेजार मला लाभला. मेहुण्यांनी नवी पिकअप घेतली ती स्वतःच्या भाजीपाल्यासाठी. पण ती वर्ध्याला निघणार अशी कुणकुण लागली की गावभरातून सामान येऊन तिच्यात चढायचं. कुणाची जळालेली पंपाची मोटर, कुणाच्या लेकीकडे पोचवायचा पलंग, कुणाचे तुरीचे कट्टे म्हणजे पोती, आणि या सगळ्यावर सेवाग्रामच्या दवाखान्यात निघालेली एखादी म्हातारी, तिच्या गादीसकट. एकदा सामान कमी भरलं, तर हे स्वतः दारोदार "काही न्याचं हाय का?" विचारत फिरले. मी म्हटलं, "आज तरी मोकळे चला." ते दुखावलेच. "एवढी मोठी गाडी अन् रिकामी न्याची? लोक काय म्हनतीन, जवाईबापू?"

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे उजवा तळहात. बैलाचा ताप, टरबुजाचं पिकणं, फ्रिजची तब्येत, सगळं ते हात ठेवून सांगतात, आणि त्रासदायक गोष्ट अशी की बहुधा बरोबर सांगतात. पिकअप सहा महिन्यांची झाली नसेल, वर्ध्याहून परतताना त्यांनी सीटवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "हालून राह्यली." ताशी साठच्या पुढे काटा गेला की गाडीच्या पोटातून बारीक थरथर यायची. मला पटावं म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर गोल रेघा उमटत होत्या. खरं तर पेल्याची गरज नव्हती. माझ्या दाढेलाच ते कळत होतं.

वॉरंटी चालू होती, म्हणून आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. सोबत मी, कारण "तुम्ही शिकले-सवरले, तुम्ही बोलजा." तिथे काचेच्या भिंती, थंडगार हवा, आणि अनुभव यायच्या आधीच "आपला अनुभव कसा होता, सर?" विचारणारा एक टायवाला तरुण. इंजिनिअर साहेबांनी लॅपटॉप जोडला, गाडी हायवेवर पिटाळली, परत आणली. मागे अर्थातच गावाचे कट्टे आणि पलंग होते. बाजार पुढे होता, सामान आधी उतरवणार कोण? गाडी लोण्यासारखी चालली. कागदावर छापून आलं: तक्रार आढळली नाही. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मेहुणे त्या टायवाल्याला म्हणाले, "मले फुकटचं काही नाई पाह्यजे, भाऊ. हालते, एवढं म्हना फक्त." तो अदबीने हसला आणि चहा मागवला. मी, बोलायला नेलेला माणूस, त्याच्या टायवरचे हत्ती मोजत होतो. घरी गेल्यावर सांगायला बरे पडतील म्हणून.

येताना सामान उतरलेलं असायचं आणि गाडी थरथरायची. यावर मी एक विनोद केला होता. "गाडी मालकावर गेलीये. माणसं-सामान उतरलं की हिला करमत नाही, थरथर सुटते." पारावर तो फार चालला. लोक मला पुन्हा पुन्हा सांगायला लावत, आणि सर्वांत मोठ्याने मेहुणे हसत. दोन वर्षं तो विनोद चालला. तेवढ्यात वॉरंटी संपली.

त्यानंतरची गोष्ट. समुद्रपूरला कुणाचा तरी मांडव पोचवून आम्ही रिकामे परतत होतो. वाटेत जाम गावाच्या चौकात चहाला थांबलो, तर शेजारी ताडपत्रीखाली एक बनियनवरचा मिस्त्री. मेहुण्यांनी सवयीने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. तो एक चक्कर मारून आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. "भरल्यावर बी हालते का, काका?"

मेहुण्यांनी मागच्या रिकाम्या हौद्याकडे वळून पाहिलं.

"वजन पडलं का मागून दबते, मागची चाकं फिरवनारा शाफ्ट सरळ होते," तो म्हणाला. "रिकामी असली का मागून उचलते, शाफ्टले बाक येते. शाफ्टच्या मधातलं बेअरिंग गेलं त्याच्यानं. वारंटीत काऊन नाई दाखवली?"

"दाखवली न. तीनदा."

"रिकामी?"

"भरून," मेहुणे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी निर्मळ मनाने, म्हणाले, "जवाईबापू तं कवापासून सांगून राह्यले होते, रिकामी झाली का थरथरते म्हनून. आम्हीच हासलो."

याहून जड शब्द मला आयुष्यात कुणी ऐकवलेले नाहीत. गाडीच्या दुखण्याचं निदान माझ्या तोंडात होतं, आणि मी ते पारावर टाळ्या घ्यायला वापरलं.

मिस्त्रीने बेअरिंग बदललं, रिकाम्या गाडीतही शाफ्ट सरळ राहावा म्हणून एक पट्टी सारली. निघताना मेहुण्यांनी त्याला अडवलं. "एक काम कर, भाऊ. लिहून दे." त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने बेअरिंगचा पुठ्ठ्याचा खोका फाडला आणि काळ्या बोटांनी लिहिलं: गाडी हालत होती. मेहुण्यांनी तो पुठ्ठा वाचला, फुंकर मारून वाळवला आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये त्या तीन छापील कागदांच्या वर ठेवला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतील असं वाटून मी पेन काढून ठेवलं होतं. त्यांनी मागितली नाही.

परतताना काटा साठच्या पुढे गेला. डॅशबोर्डवर पुन्हा ठेवलेल्या पेल्यातलं पाणी स्थिर होतं. त्यांनी सीटवर हात ठेवला नाही, मला ठेवायलाही सांगितलं नाही. फाट्यावर गाठोडी घेऊन दोन बाया उभ्या होत्या. ब्रेक लागला.

"या न बाई, बसा. गाडी रिकामीच हाय."

मी सरकून जागा केली. पेन अजून हातातच होतं.