फ्लोर नंबर दोनची विमलमावशी

विमलमावशी गेली आणि आमच्या सिरियलच्या एकाही ग्रुपवर ते आलं नाही.

परळच्या स्टुडिओत ती हेअरड्रेसर होती.

त्या जागेवर आधी मिल होती. मिल बंद पडली, मग बरीच वर्षं गोडाऊन, मग टीव्हीवाले आले. एका शेडमध्ये गाण्याचा रिॲलिटी शो, एकात रेसिपी शो. मधल्या दोन नंबरच्या फ्लोरवर आमचा प्लायवूडचा बंगला.

मावशीचे वडील त्याच शेडमध्ये साच्यावर कापड विणायचे. ती चिंचपोकळीच्या चाळीतून चालत कामाला यायची.

मी सांगलीहून ॲक्टिंगसाठी एकटी आलेली. मुंबईत माझ्या डोक्यावरून हात फिरवणारी तीच एक.
"तेही ड्युटी म्हणून," मी चिडवायचे.
"ड्युटी कधीच संपली गं. गप बस."

एकदा लग्नाचा सीन होता. नऊवारी, खोपा, मुंडावळ्या. दुपारी भावाचा फोन आला.

बाबा गेले.

प्रॉडक्शनवाला हळूच म्हणाला, "मॅडम, दोनच क्लोजअप. लगेच सोडतो."
मी मान डोलावली. मला काही कळतच नव्हतं.

मावशी सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.
"हिचा बाप गेलाय. आता शॉट नाय."
"मावशी, बाजूला व्हा."
"माझ्या बापाची बोटं इथंच साच्यात गेली. मुकादमाने बाजूचा एक साचा थांबवू दिला नाय. आज तरी थांबा रे."

कोणीतरी लाइट बंद केले.

गाडीत ती शेजारी बसली ती थेट सांगलीपर्यंत. पनवेल येईस्तोवर तिने खोप्यातली एकेक पिन काढली. वाटेत थांबवून मला कपडे बदलायला लावले.
"बापाला शेवटचं भेटायचंय ना? मग स्वतःच्या कपड्यात जा."

पुढच्या आठवड्यात आमच्या फ्लोरवर दुसरी हेअरड्रेसर होती. मी भांडले. उपयोग झाला नाही.

मावशी बाजूच्या रेसिपी शोला लागली. शूट झालेलं गार थालीपीठ माझ्यासाठी झाकून ठेवायची. लंचला मी तिकडेच.

मग स्टुडिओ विकला गेला. टॉवर होणार म्हणे. शूटिंग घोडबंदरला हललं. तिथवर जाणं मावशीच्या गुडघ्यांना झेपेना.

फोनवर विचारायची, "तिकडे केस कोण करतं तुझे?"
"आहे एक मुलगी."
"बरी आहे ना?"
"बरी आहे."
विषय संपायचा. फोन मात्र कोणीच ठेवायचं नाही.

काल तिला पोचवायला चाळीतले शेजारी, तिचा भाचा आणि मी. त्रिशरण म्हटलं. सगळे आपापल्या घरी गेले.

मी चालत स्टुडिओच्या गेटवर गेले. पत्रे ठोकलेत. मागे मोठा खड्डा.

वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?"

सांगण्यासारखं एकही नाव आत उरलं नव्हतं.

"किसी से नहीं," म्हटलं.

मावशी, येते गं.
अखेरचा जयभीम.