मावशीने लिहिलेले आवाज

माझ्या मावशीचं काम सांगितलं की समोरचा आधी हसतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी ती टीव्हीवरच्या मालिकांच्या तळाशी अक्षरं लिहिते. बोलणं तर लिहितेच, पण दार लागलं, पाऊस आला, कुणी तरातरा निघून गेलं, तेही लिहिते. नुसतं 'पाऊस' लिहून तिचं भागत नाही. तो रिपरिप आहे, धो धो आहे की पत्र्यावर ताडताड, हे ठरेपर्यंत ती डोळे मिटून बसते.

हे वेड काकांमुळे. कारखान्यातल्या मशीनांनी ऐन उमेदीत त्यांचे कान नेले. मी शिकायला म्हणून या दोघांकडे राहते, त्यामुळे रोज बघते. मालिका लागली की काकांचे ओठ हलतात. रिपरिप, रिपरिप. आवाज म्हणून त्यांच्या वाट्याला आता तेवढंच उरलंय.

मग मावशीच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांना हे सगळं पोरकट वाटलं.

"ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना रिपरिप काय नि धो धो काय? 'पावसाचा आवाज' लिहा, विषय संपला."

"आणि दार आपटलं तर?"

"'दाराचा आवाज.'"

मावशी घरी येऊन भांडी आपटत राहिली. रागावली की ती एकाच अक्षरावर अडकते. "मेला मुलखाचा मठ्ठ माणूस," ती पातेल्याला सांगत होती. मला हसू आलं, पण ते मी दाबलं. घर तिच्या नोकरीवर चालतं. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणून पुढचा भाग तिने साहेबांच्या हुकमाप्रमाणे लिहिला.

तो भाग लागला. गोष्टीत वादळ होतं. खाली अक्षरं आली, 'वाऱ्याचा आवाज'. काका पुढे सरकले. 'दाराचा आवाज'. काकांचे ओठ हलेनात. ते उठले, टीव्हीच्या पाठीत दोन थपडा घातल्या आणि नेहमीच्या चढ्या स्वरात मावशीला म्हणाले, "याचा आवाज गेलाय. दुरुस्तीवाल्याला बोलाव."

मावशी हसली नाही. स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. मला त्या साहेबांचा असा संताप आला, की त्यांच्या कानांत कापसाचे बोळे कोंबून त्यांना महिनाभर मालिका बघायला बसवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने पुढच्या भागात सगळे आवाज परत घातले, वर पदरचे थोडे जास्तच. खिडक्या खडखड, भांडं खणकन, आणि वाऱ्याला तर तिने 'भणभणता भन्नाट वारा' करून टाकलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

"उद्यापासून येऊ नका."

"तोंडी नको, लेखी द्या," मावशी म्हणाली. "आणि कारणही घाला त्यात. बाईंनी बहिऱ्या माणसांना पाऊस ऐकवला, असं."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. रोज बसते. लेखी अजून आलेलं नाही. एवढं साधं वाक्य लिहायला साहेबांचा हात का अडतो, त्यांचं त्यांना माहीत.

परवा मालिकेत एक जुनं दार उघडलं. खाली अक्षरं आली, 'कर्र... कर्रर्रर्र'. काकांचे ओठ हलले. मग दात आंबल्यासारखं तोंड करून ते टीव्हीवर खेकसले, "अरे, तेल घाला रे त्या दाराला कोणीतरी."