लाकडाचा चिमटा

"दादांच्या भट्टीतल्या फळीला माझा नवरा हात लावणार नाही. सांगून ठेवते, ताई."

माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत यायला तयार नाही आणि जायलाही तयार नाही. मी घासायला घेतलेलं पातेलं आपटलं. म्हटलं, "बाई गं, भट्टी मी बांधली का? जा, तुझ्या दादांनाच सांग." पण ती त्यांना सांगणार नाही हे मला माहीत होतं. आमच्या घरात ह्यांना काही सांगायचं असलं की सगळे मला येऊन सांगतात. मी म्हणजे घरातली टपालपेटी.

"त्यांचा उजवा हात अजून शाबूत आहे," ती म्हणाली. "तो मला हवाय."

माझ्या नवऱ्याच्या हातांना दहाच्या दहा बोटं आहेत.

आमची लाकडाची वखार आहे. हे थोरले, भाऊजी धाकटे. वखारीच्या मागे एकच घर, चुली दोन. हे कमी बोलतात असं बाहेरचे लोक म्हणतात. साफ खोटं! लाकडाशी तासन् तास बोलतात. फळी बोटांनी वाजवतील, कानाला लावतील, हुंगतील. एकदा तर जीभ लावताना पकडलंय मी. म्हटलं, मीठ देऊ का वरून?

लाकूड ओलं असताना विकलं की दगा देतं. दार फुगतं, टेबलाचा पाय वाकतो आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं शंख करत परत येतं. उघड्यावर वाळवायचं तर फार दिवस जातात. म्हणून ह्यांनी पहिली भट्टी बांधली. भट्टी कसली, पत्र्याची एक खोली आणि गरम हवा फेकणारा एक पंखा. लाकूड भराभर वाळलं. वाजवलं की खणखणायचं. हे हुरळले, भाऊजी हुरळले, मीही हुरळले, खोटं कशाला बोलू.

मग भाऊजींनी त्यातली एक फळी उभी चिरायला घेतली. फळी दिसायला सरळ, कोरडी, पण आतून स्वतःलाच आवळून बसलेली. पातं निम्म्यात पोचलं आणि चिरलेले दोन्ही भाग मागून मिटले ते पात्याला धरूनच. फळी उसळली. भाऊजींचा डावा हात पात्यावर ओढला गेला. करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मी तेव्हा कपडे वाळत घालत होते. किंकाळी नाही ऐकू आली मला, करवत एकदम थांबली ते ऐकू आलं.

त्यानंतर भाऊजींनी करवत सोडली आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम घेतलं. थट्टा मात्र तीच. कुणी फळ्या मोजायला सांगितल्या की म्हणायचे, "मला आठपर्यंतच येतं, पुढचं दादाला विचारा." लोक हसायचे. जाऊ उठून आत जायची.

ह्यांनी ती पत्र्याची खोली पाडली आणि दुसरी भट्टी बांधायला घेतली. आधी कुठे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर! खडूनं. इथे दार, इथे पंखे, इथून हवा. मी सकाळी झाडू मारला की पंखे पुसले जायचे.

"अगं, आता वारा कुठून येणार?"

"दारातून," मी म्हणायचे. "तुम्ही तिथून बाजूला झालात की येईल."

एकदा मी दोरीवरून रजई काढली. हाताला चांगली कोरडी लागली म्हणून घडी घालून कपाटात ठेवली, तर दुसऱ्या दिवशी कपाट कुबट. ह्यांनी ती रजई मांडीवर घेतली, शिवण उसवली आणि आतला कापूस चाचपत बसले. माझी चांगली रजई! मी बोलायला तोंड उघडलं आणि ह्यांचा चेहरा बघून मिटलं.

"हेच झालं होतं," हे म्हणाले. "वरचं आधी वाळलं, आतलं ओलंच राहिलं. मी घाई केली."

तेव्हापासून ह्यांनी एकच ध्यास घेतला. लाकूड वाळवायचं, पण वाळण्याला लगाम घालायचा. म्हणून खोली विटांची, दुहेरी भिंतींची. छताखाली पंखे, असे की हवा थप्पीतून एकदा इकडून जाईल, एकदा तिकडून. फळ्यांच्या प्रत्येक थराखाली लाकडी पट्ट्या, म्हणजे हवेला वाट मिळते. ओली हवा सोडायला छपरात झडपा. भिंतीवर दोन तापमापक, त्यातल्या एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, म्हणजे दोन आकड्यांतल्या फरकावरून आतली हवा किती कोरडी ते कळतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे भुशावर पेटणाऱ्या बॉयलरवरून आत नेलेली वाफेची नळी.

"वाळवायच्या खोलीत वाफ?" भाऊजी म्हणाले. "दादा, हा म्हणजे टॉवेल भिजवून अंग पुसायचा प्रकार झाला."

हे हसले नाहीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मोटर उलटी फिरली, दार बसेना, एक झडप उघडली ती मिटेना. पण उभी राहिली भट्टी. पहिली थप्पी आत गेली, दार लागलं आणि भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "यातली पहिली फळी मी चिरणार."

हे म्हणाले, "तू नाही."

"मीच. दुसऱ्या कुणी चिरली तर मी घाबरलो असं होईल. घाबरलोय मी, नाही असं नाही. पण ते माझं मला माहीत असू दे. करवतीला कळायला नको."

जाऊ माझ्या दारात येऊन उभी राहिली होती ती यामुळे. मी ह्यांना निरोप पोचवला. हे म्हणाले, "चिमटा बघू. चिमटा सांगेल."

चिमटा म्हणजे काय ते सांगते. फळी आतून आवळलेली आहे का, हे करवतीवर घालण्याआधी कळायचं असेल तर तिचा एक आडवा तुकडा कापतात, दोन बोटं रुंद. धंद्यात सगळे तसंच म्हणतात, दोन बोटं. आमच्या घरात मात्र ते शब्द कुणी उच्चारत नाही, 'एवढा' म्हणून हातानं दाखवतात. त्या तुकड्याचा मधला भाग काढून टाकला की दोन पाय उरतात, चिमट्यासारखे. तो घरात ठेवून द्यायचा. पाय सरळ राहिले तर लाकूड मोकळं. एकमेकांकडे झुकले तर ते लाकूड चावणार.

थप्पी वाळली तेव्हा ह्यांनी चिमटा कापून माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवला. कापल्या कापल्या पाय सरळ होते. चौघांनी बघितलं. रात्रीच्या जेवणाला जाऊ आमच्याकडेच बसली, पण तिची नजर ताटात नव्हती, डब्याशेजारी होती.

सकाळी मी चहा करायला गेले आणि हात तिथेच थांबला. चिमट्याचे पाय एकमेकांना टेकले होते.

मी कुणाला हाक मारली नाही. पण जाऊ आलीच. तिनं चिमटा उचलला, भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. "बघितलंत? इतकी वर्षं खडूनं फरशा रंगवून हे झालं. दुधानं तोंड पोळलंय आपलं, आता ताक फुंकून प्यायचं सोडून पुन्हा दूधच काय पिताय?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. तरी म्हणाले, "दादा, नाकातले केस काढायला बरा आहे हा."

"गप्प बस," हे ओरडले. ह्यांना ओरडताना मी क्वचित ऐकलंय. "लाकूड वाळलंय ते बरोबर वाळलंय. थोडं आवळणारच, ते मला माहीत होतं. त्यासाठीच वाफ आहे. आता वाफ द्यायची, वरचं कातडं सैल पडेपर्यंत."

"वाळलेलं परत भिजवणार?" जावेनं विचारलं. ती पहिल्यांदा थेट ह्यांच्याशी बोलत होती.

"वरवर."

"आणि कमी पडली तर?"

"तर चावेल."

"जास्त झाली तर?"

"तर चिमटा उलटा फाकेल. ते मग कशानंच सरळ होत नाही. सगळं जळणात."

"म्हणजे किती द्यायची ते तुम्हाला माहीत नाही."

"अंदाज आहे," हे म्हणाले.

अंदाज! मी कपाळाला हात लावला. अहो, असं बोलतं का कुणी? खोटं तरी बोलावं माणसानं अशा वेळी.

जाऊ मात्र भडकली नाही. बॉयलरपाशी स्टूल घेऊन बसली. म्हणाली, "माझ्यासमोर द्या वाफ. मी भुसा घालते." आणि खरंच घालत बसली, फावड्यानं, चेहरा लालबुंद, घामानं केस चिकटलेले. नळीतून फुसफुस सुरू झाली, मग भट्टीच्या दाराच्या फटींतून पांढऱ्या रेघा बाहेर यायला लागल्या. हे दाराला कान लावून उभे. भाऊजी अंगणात येरझाऱ्या घालत होते. मी ओल्या फडक्याचा आकडा वाचून मोठ्यानं सांगत होते, आणि दर वेळी माझाच आवाज मला परका वाटत होता.

दुपार कलली आणि हे वाफेच्या चावीकडे गेले.

"अजून थोडी द्या," जाऊ म्हणाली.

"बस."

"अजून थोडी, दादा. कमी पडली तर जाणारा हात तुमचा नाही."

ह्यांचा हात चावीवर होता. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं आणि चावी फिरवली. फुसफुस थांबली. जावेनं फावडं टाकून दिलं आणि पाठ फिरवून घरात गेली.

नवा चिमटा कापून चहाच्या डब्याशेजारी ठेवला. त्या रात्री आम्हा दोघांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी हे आधी उठून बघायला गेले नाहीत, मलाच पाठवलं. मी बघितलं. पाय सरळ होते. म्हणजे सरळच म्हणायचे, एक पाय केसभर आत होता, नुसता भास वाटावा इतका.

"चालेल," हे म्हणाले.

"चालेल म्हणजे?" जावेनं विचारलं.

"चालेल म्हणजे मी चिरतो," भाऊजी म्हणाले आणि चपला घालून करवतीकडे चालायला लागले.

त्या अपघातानंतर ह्यांनी पात्यामागे लोखंडी पाचर बसवून घेतली होती, चीर मिटू नये म्हणून. पण पाचर म्हणजे काही देव नव्हे. भाऊजींनी फळी टेबलावर ठेवली. पलीकडे ओढायला मी. हे बटणापाशी. जाऊ दारात, दोन्ही हातांनी चौकट धरून.

करवत सुरू झाली. भाऊजींनी फळी पुढे सरकवली, डाव्या हाताच्या तीन बोटांनी कडेला दाबून, उजव्यानं ढकलत. भुसा माझ्या हातांवर उडायला लागला. चीर माझ्याकडे येत होती आणि मी चिरेकडेच बघत होते. मिटू नकोस, मिटू नकोस, एवढंच डोक्यात. निम्मी फळी झाली. तेवढ्यात एक गाठ लागली असावी. करवतीचा आवाज खाली उतरला.

आणि एकदम सगळं थांबलं.

मी भाऊजींच्या हातांकडे बघितलं. दोन्ही जागेवर होते. मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बटण बंद केलं होतं आणि डोळे घट्ट मिटून भिंतीला टेकले होते.

"कुणी बंद केली?" भाऊजी ओरडले. "कुणी सांगितलं होतं? बघ इकडे! डोळे उघड, बघ!" त्यांनी पाचरीच्या पलीकडे, चिरेत नख घातलं आणि ते थेट फळीच्या टोकापर्यंत ओढत आणलं. "मोकळी आहे. तुझी भट्टी बरोबर आहे. चिमटा बरोबर, वाफ बरोबर. सगळं बरोबर आहे, दादा!"

ह्यांचे डोळे मिटलेलेच.

"लाकडाला सगळं विचारलंस तू," भाऊजी म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "वाजवून विचारलंस, कापून विचारलंस. मी दवाखान्यात पडलो होतो तेव्हा तू मला मोटरचं सांगत होतास. घरी आलो तर पंख्यांचं. मला एकदा तरी विचारलंस का, दुखतं का म्हणून?"

वखारीत नुसता भुसा खाली बसत होता. ह्यांनी डोळे उघडले. टेबलाला वळसा घालून आले. मला वाटलं, आता पुन्हा फळीच बघतील. पण ह्यांनी भाऊजींचा डावा हात दोन्ही हातांत धरला.

"दुखतं का रे?"

"आहेत ती नाही दुखत," भाऊजी म्हणाले. "गेली ती दुखतात. रोज दुखतात."

मी जावेकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? रोज सकाळी त्याच हातात मी चहाचा कप देत होते.

ह्यांचे डोळे भरून आले होते. ते पुसून म्हणाले, "चालू करू का करवत?"

"थांब जरा," भाऊजी म्हणाले. "सांगू दे मला."

ते टेबलाच्या कडेला टेकले, अर्ध्या चिरलेल्या फळीशेजारी, आणि सांगायला लागले. हे हात धरून ऐकत उभे राहिले.