नऊ घरांचं ‘न्हाई’

शनिवारी पलूसला घरी आले होते खरी, पण मला बसवेना की उठवेना. सोमवारी साताऱ्याच्या ऑफिसात नकाशा द्यायचा होता आणि पाटणकडचा एक उतार त्यात पांढराफटक दिसत होता. खवल्या मांजर कुठं राहत असेल याचा अंदाज कॉम्प्युटरकडून काढायचा, हे माझं काम. झाडी, चढ-उतार, वाळवीची वारुळं, शिवाय गावांत विचारून आणलेलं हो-नाही, हे सगळं त्याला दिलं की तो रंग भरतो. गडद रंगाच्या जागी वनरक्षकांची गस्त आधी लागणार, पांढऱ्या जागी लागणारच नाही. आणि हे जनावर असलं भाबडं, की भ्यालं की अंगाचा गोळा करून बसतं. चोरानं नुसतं उचलून पोत्यात घालायचं.

त्या उतारावर उकरलेली वारुळं मी स्वतः पाहिली होती. पण खालच्या वाडीतली नऊच्या नऊ घरं एका सुरात म्हणाली, “न्हाई. आमच्या हितं कवाच न्हाई.” मग मी नऊ शून्यं भरली. साहेब म्हणाले, वारुळं अस्वलंही उकरतात. म्हणाले ते खरंच, पण माझं मन काही ऐकेना.

“भिंगरी लागलीय का पायाला? बस की गं एका जागी!” आई खेकसली. तेवढ्यात दारात कुणी अनोळखी माणूस आला. स्थळ म्हणून शेजारच्या मुलीची चौकशी करत होता. पोरगी कशी हाय, कुठं कामाला जाती, असं विचारत त्यानं वही उघडली.

“आमाला न्हाई बा म्हाईत,” आई म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हणाले, “अगं, ती सकाळी आपल्यातच जेवून गेली की!”

“मग? कोण कुठला, वही काढून बसलाय. आपल्या पोरीचं त्याला कशाला सांगू?”

अगं बाई! मीसुद्धा वाडीत जीपमधून उतरून, फॉर्म काढूनच बसले होते की. मूर्ख कुठली! स्वतःचाच इतका राग आला की जेवण गेलं नाही.

रविवारी पहिल्या एसटीनं निघाले. वाडीत एक मावशी गवताचा भारा उतरवत होत्या. मागच्या खेपेला सगळ्यात ठासून ‘न्हाई’ म्हणणाऱ्या त्याच. “मावशी, आज कागद आणला न्हाई,” मी म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हाय. शेपटीवर पिल्लू घिऊन हितनंच जाती. पर लिवू नगंस, पोरी. लिवलं की धराय येत्यात.”

“आवं, पण लिहिलं न्हाई तर राखणीला कोण येणार?”

“ते तुझं तू बघ. आमी न्हाईच म्हणणार.”

‘हाय’ लिहावं तर मावशींचा शब्द मोडतो, शून्य ठेवावं तर उतार उघडा पडतो. पाटणला मैत्रिणीच्या खोलीवर लॅपटॉप उघडून शेवटी मी ती नऊ शून्यं पुसली. त्या जागी काहीच भरलं नाही. गावाचं उत्तर माहीत नाही, एवढंच राहिलं. आता कॉम्प्युटरनं नुसत्या झाडीवरून आणि वारुळांवरून ठरवायचं होतं. नखं कुरतडत बघत बसले. उतार हळूहळू पिवळा झाला, मग चक्क नारिंगी. मला रडूच आलं. गस्त लागणार होती आणि मावशींचा शब्द कागदावर कुठंच नव्हता.

सोमवारी सकाळी उंब्रजला एसटी बदलताना चहा घेत होते. शेजारच्या माणसानं माझ्या फाईलवरची अक्षरं वाचली.

“म्याडम, तुमी त्या सर्व्हेतल्या का? पाटणकडं कुठं हाय वो ही खवल्या मांजर?”

“न्हाई,” मी म्हणाले. “तिकडं कवाच न्हाई.”

त्यानं मान हलवली, पण नजर फाईलवरच होती. आत छापून घेतलेला नकाशा होता, आणि त्यावर तो उतार नारिंगी होता, वाचता येणाऱ्या कुणालाही दिसेल असा. चहा तसाच टाकून मी उठले. साताऱ्यापर्यंत ती फाईल मी मांडीवरून खाली ठेवली नाही.