अर्लचा ट्रिगर

किस्से काय, नको म्हटलं तरी साठतात. इथे परदेशात, नोव्हाय गावातल्या कार कंपनीनं मला घरी बसवलं आणि मी वॉल्टरच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात कानस घेऊन बसायला लागलो. तेव्हापासून डोक्याचं नुसतं गोडाऊन झालंय!

बायको म्हणाली, "मराठी मंडळात कोणी विचारलं तर कन्सल्टिंग करतो म्हणून सांग!" सांगितलं. पुढच्याच रविवारी देशपांडेकाकांनी मुलाचा रेझ्युमे पाठवला. घ्या!

*

हरणांच्या शिकारीचा सीझन जवळ आला की लोक ट्रिगर घेऊन येतात. रायफलमध्ये नाही, सँडविचच्या पिशवीत!

एकजण म्हणाला, "व्हिडिओ बघून साफ केला."

"आणि स्प्रिंग कुठाय?"

"व्हिडिओत ती उडाली नव्हती!"

मी कपाळावर हात मारला.

*

मग अर्ल आला. ऐंशीचा म्हातारा, जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल, तुटलेला ट्रिगर. पार्ट मिळेना, रायफलची कंपनीच कधीची बंद पडलेली.

"नवा घडवा," तो म्हणाला. "पण हलका करा. बोटात जोर उरला नाही. डॉक्टर म्हणतात, हाच शेवटचा सीझन."

काम आलं माझ्या गळ्यात.

*

खंडेनवमीला मी टेबलावरच्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू वाहिलं. अर्लच्या रायफललाही. सवय हो, दुसरं काय! तेलात त्याचा चिखल झाला.

वॉल्टरनं भिंग लावून पाहिलं. "लाल गंज माहितीय. पिवळा पहिल्यांदाच बघतोय!"

दोन दिवस नुसते धुण्यात गेले.

*

पहिला ट्रिगर घडवला. हलका, अगदी अर्लला हवा तसा. वॉल्टरनं रिकाम्या रायफलचा घोडा चढवला आणि दस्त्यावर रबरी हातोडा मारला. खट्! बोट न लावताच सुटला.

"हा कुणाचा तरी जीव घेईल. दुसरा कर."

दुसरा, खट्! तिसरा, खट्! यार, रडायचाच बाकी होतो. चौथा घट्ट केला, तेव्हा कुठे टिकला.

"आता अर्लला काय सांगायचं?" मी विचारलं. वॉल्टरनं फोन माझ्यापुढे सरकवला.

*

अर्लनं रिकामी रायफल खांद्याला लावली. दाबलं. ट्रिगर हलेना. दोन बोटांनी दाबलं. तरी हलेना.

"अजून एक करून बघतो," मी म्हणालो. वॉल्टरनं नकारार्थी मान हलवली.

अर्लनं रायफल हळूच टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली.

"सीझनच्या पहिल्या दिवशी घरात बसवणार नाही मला. दुकान उघडं असतं का रे?"

त्या दिवशी सगळं गाव जंगलात असतं. चाळीस वर्षांत वॉल्टरनं त्या दिवशी कुलूप काढलेलं नाही.

"असतं," वॉल्टर म्हणाला. "पहाटे पाचला ये."